‘तूच लिहून आण, मी सही करतो’ : कोल्हापुरातल्या सर-मॅडमना खुलं पत्र

कोल्हापुरातल्या सीनियर आणि ज्युनियर कॉलेजांचे प्राचार्य, प्राध्यापक, आणि तासिका तत्त्वावर शिकवणारे सर-मॅडम यांस,

सप्रेम नमस्कार.

मी राजारामपुरीत टायपिंग, झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान चालवतो. तुमची-माझी ओळख असायचं कारण नाही, पण तुमच्यातल्या बऱ्याच जणांच्या सह्या मला लांबूनसुद्धा ओळखता येतात. तुमच्या विद्यार्थ्यांची शिफारसपत्रं, ज्यांना पोरं एलओआर म्हणतात, ती तुमच्या टेबलावर पोचायच्या आधी माझ्या टेबलावर येतात. तिथंच ती तयार होतात, आणि माझं म्हणणं त्याबद्दलच आहे.

पद्धत तुम्हाला ठाऊक आहे. पोरगं स्टाफरूमच्या दारात घुटमळतं, मग म्हणतं, “सर, बाहेर अप्लाय करतोय, एलओआर पाहिजे होतं.” तुम्ही कामात असता. तुम्ही म्हणता, “तूच लिहून आण, मी सही करतो.” पोरगं खूश होऊन माझ्याकडं येतं. त्याच्याजवळ सीनियरनं व्हॉट्सॲपवर पाठवलेली वर्डची फाइल असते. सीनियरला ती त्याच्या सीनियरनं दिलेली असते. नाव बदलायचं, विषय बदलायचा, मुलगी असेल तर इंग्रजीतल्या ‘ही’चं ‘शी’ करायचं. घाईत एखादं राहून जातं आणि पहिल्या परिच्छेदातली मुलगी तिसऱ्या परिच्छेदात मुलगा होते. मग लेटरहेडवर प्रिंट, सही, शिक्का. लग्नपत्रिकेचा मजकूर जसा नावं बदलून वर्षानुवर्षं चालतो, तसं हे चाललंय. एकाच वर्गातल्या तिघांची पत्रं एका संध्याकाळी छापून दिली आणि तिघंही ‘वर्गातला सर्वोत्तम विद्यार्थी’ निघाले, असं माझ्या डोळ्यांसमोर झालंय.

हल्ली चॅटजीपीटी आल्यापासून इंग्रजी चकचकीत झालंय. माझं टायपिंगही कमी झालं, ते जाऊ दे. पत्रात पोरगं मात्र अजून सापडत नाही. आधी तो ‘हार्डवर्किंग, सिन्सियर, पंक्च्युअल’ होता, आता त्याच गोष्टी दोन-दोन ओळींच्या वाक्यात येतात.

माझी पुतणी परदेशी शिक्षणासाठी अर्ज करत होती, तेव्हा तिच्याबरोबर बसून मी या सगळ्या वेबसाइट नीट वाचल्या. त्यातून जे कळलं ते तुमच्यापैकी काहींना माहीत असेल. पण सगळ्यांना नसावं, कारण माझ्या दुकानात रोज तेच घोळ येतात.

पहिली गोष्ट म्हणजे बहुतेक ठिकाणी आता कागद लागतच नाही. विद्यार्थी अर्जात शिक्षकाचं नाव आणि ईमेल भरतो, विद्यापीठाकडून शिक्षकाला थेट लिंक जाते, आणि पत्र शिक्षकानं तिथं चढवायचं असतं. ते विद्यार्थ्यानं बघू नये अशीच अपेक्षा असते. अमेरिकेत १९७४ च्या कायद्यानं विद्यार्थ्याला स्वतःच्या शैक्षणिक नोंदी बघायचा हक्क आहे, म्हणून अर्जातच त्याला विचारतात, हे पत्र वाचायचा हक्क तू सोडतोस का? जवळजवळ सगळी पोरं ‘सोडतो’ वर टिक करतात. आणि मग ज्या पत्राचा हक्क सोडला ते पत्र स्वतःच टाईप करायला माझ्याकडं येतात! यात पोराचा दोष कमी आहे. न वाचण्याची हमी त्यानं दिली, पण लिहायचं कामही त्याच्याच गळ्यात पडलं.

दुसरा घोळ ईमेलचा. विद्यापीठं शिक्षकाचा कॉलेजचा ईमेल मागतात. आपल्याकडं कित्येक सरांचा कॉलेजच्या नावाचा ईमेल नसतोच. असला तरी पासवर्ड ऑफिसातल्या क्लार्ककडं असतो आणि तो क्लार्क बदलून गेलेला असतो. लिंक स्पॅममध्ये जाते, मुदत संपत येते, पोरगं रडकुंडीला येतं. मग माझ्याकडं येऊन हळूच विचारतं, “काका, सरांच्या नावाचा जीमेल काढून देता काय? सरांना विचारलंय, चालतंय म्हणालेत.” मी नाही म्हणतो. पोरगं तोंड वाकडं करून शेजारच्या गल्लीत जातं आणि तिथं त्याचं काम होतं. अशानं पकडलं गेलं तर त्या पोराचा अर्ज बाद होईलच, पण त्या कॉलेजातून पुढच्या वर्षी जाणाऱ्या खऱ्या पत्राकडंही संशयानं बघतील. तीन शिक्षकांची तीन पत्रं एकाच हाताची असली, तर रोज शेकड्यानं अर्ज वाचणाऱ्याला ते कळायला वेळ लागत नाही.

लिंक उघडल्यावर पत्राबरोबर एक तक्ताही भरायचा असतो. अमेरिकेत बारावीनंतर जाणाऱ्यांसाठी जो कॉमन ॲप नावाचा सामाईक अर्ज आहे, त्यात शिक्षकानं विद्यार्थ्याची वर्गातल्या बाकीच्यांशी तुलना करायची असते. सरासरीपेक्षा खाली, सरासरी, चांगला असं चढत चढत पहिल्या दहा टक्क्यांत, पहिल्या पाच टक्क्यांत, आणि शेवटी ‘मी आजवर शिकवलेल्या मोजक्या सर्वोत्तमांपैकी’. आपल्याकडं सगळ्यांनाच शेवटच्या खान्यात टिक. सगळीच जगात भारी. ज्या पोराला खरोखर तो खाना लागू होता, त्याची टिक त्या गर्दीत फुकट जाते.

आता तुमची बाजू. तीही मला दिसते, कारण नॅकच्या, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाच्या, तुमच्या फायलींचं स्पायरल बाइंडिंगही माझ्याकडंच होतं. एका तुकडीत शंभराच्या आसपास पोरं, वर्षानुवर्षं न भरलेल्या जागा, विद्यापीठाच्या परीक्षा, कॅपमधली, म्हणजे तपासणी केंद्रावरची, पेपरतपासणी, आणि त्यातच अमेरिकेच्या मुदती डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात. पोरंही कमी नाहीत. चार वर्षं मागच्या बाकावर बसायचं आणि मुदतीच्या आदल्या रात्री सरांना फोन करायचा. अशा वेळी ‘लिहून आण’ तोंडातून निघतं, हे मी समजू शकतो.

पण त्यानं काय वाया जातं ते एकदा ऐका.

उद्यमनगरात ज्याच्या वडिलांची छोटी फौंड्री आहे असा मेकॅनिकलचा एक मुलगा माझ्याकडं पत्र टाईप करायला आला. जर्मनीत धातुशास्त्राला अर्ज करत होता. प्रिंटरला रांग होती म्हणून बसल्या बसल्या बोलत होता. घरच्या जॉबमध्ये ब्लो होल, म्हणजे ओतलेल्या धातूत हवेच्या पोकळ्या, निघत होते, माल रिजेक्ट होऊन परत येत होता. यानं एक रिजेक्ट झालेलं कास्टिंग कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये नेलं, कापून बघितलं, आणि मग पावसाळाभर वाळूतला ओलावा मोजून वहीत लिहीत गेला. ढगाळ दिवशी काय होतं, उन्हाच्या दिवशी काय होतं. मी विचारलं, “हे तुझ्या सरांना माहीत आहे काय?” म्हणाला, “सरांनीच की लॅब उघडी ठेवली होती सुट्टीच्या दिवशी.” आणि हातातल्या पत्रात त्याच सरांच्या नावानं काय लिहिलं होतं? ‘याला धातुशास्त्रात तीव्र रुची आहे.’

त्या सरांनी नुसतं एवढं लिहिलं असतं, की हा मुलगा सुट्टीच्या दिवशी लॅब मागायला आला, कास्टिंग कापलं, ही वही ठेवली, आणि त्याचा पहिला अंदाज चुकला तेव्हा त्यानं तो आपणहून खोडला, तर बाकीची सगळी विशेषणं नसती तरी चाललं असतं. आणि हे त्या मुलाला स्वतःच्या पत्रात स्वतः लिहिता येत नाही. लाजतो. स्वतःबद्दल लिहायला बसलं की आपली पोरं एकतर गप्प होतात नाहीतर नमुन्यातली भाषा उचलतात. जे बघितलंय ते बघणाऱ्यानंच सांगायचं असतं.

या बाबतीत आपल्या मातीत उदाहरणं कमी नाहीत. कृष्णराव अर्जुन केळुसकर हे भीमराव आंबेडकरांचे वर्गशिक्षक नव्हते. चर्नी रोडच्या बागेत रोज वाचत बसणारा मुलगा त्यांनी स्वतः बघितला होता. पुढं कॉलेजच्या फीची अडचण आली तेव्हा ज्यांनी त्याच्यासाठी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांपर्यंत शब्द नेला ते हेच केळुसकर गुरुजी. त्यातून पंचवीस रुपये महिन्याची शिष्यवृत्ती मिळाली, आणि १९१३ साली तोच विद्यार्थी बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेला. आणि १९२० च्या मार्चमध्ये इथं जवळच, माणगावच्या परिषदेत, शाहू महाराजांनी भर सभेत उभं राहून लोकांना सांगितलं की तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला आहे. तेव्हा बाबासाहेबांचं वय तीसही नव्हतं. छत्रपतींनी आपलं वजन एका तरुण माणसामागं उभं केलं, आणि तेही त्याला पारखून. त्याच महाराजांच्या नावानं आज राज्य सरकारची अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी परदेशी शिक्षणाची शिष्यवृत्ती आहे. ती मिळायला आधी विद्यापीठाचा प्रवेश हातात लागतो आणि प्रवेशाला शिफारसपत्र. म्हणजे शाहूंच्या शिष्यवृत्तीची वाट तुमच्या स्टाफरूममधून जाते.

मुलींच्या पत्रांबद्दल वेगळं सांगायला पाहिजे. मुलाच्या पत्रात निदान ‘बुद्धिमान’, ‘नेतृत्वगुण’ असे शब्द असतात. मुलीच्या पत्रात ‘शांत, नम्र, आज्ञाधारक, कष्टाळू’. मॅडमनी सही केलेल्या पत्रातसुद्धा. हे फक्त आपल्याकडं होतं असंही नाही. अमेरिकेतल्या एका वैद्यकीय महाविद्यालयात प्राध्यापकपदाच्या उमेदवारांसाठी आलेली तीनशेवर पत्रं दोन संशोधकांनी तपासली होती, तो अभ्यास २००३ साली छापून आला. स्त्रियांसाठीची पत्रं आखूड होती, त्यांत कष्टाळूपणाचं कौतुक जास्त होतं आणि वाचणाऱ्याच्या मनात शंका येईल अशी वाक्यंही जास्त होती. पीएच.डी.ला विद्यार्थिनी घेऊ पाहणाऱ्या प्राध्यापकाला ती आज्ञाधारक आहे हे कळून काय करायचंय? तिनं तुमच्याशी वर्गात वाद घातला असेल, तर तो लिहा.

इंग्लंडची गोष्ट थोडी निराळी. तिथं बारावीनंतर जायचं तर युकास या सामाईक प्रवेशसंस्थेमार्फत अर्ज होतो आणि कॉलेजकडून एकच संदर्भपत्र लागतं. २०२४ च्या प्रवेशापासून त्याचे तीन भाग केलेत. एकात कॉलेजची माहिती, एकात विद्यार्थ्याच्या अभ्यासावर परिणाम करणाऱ्या अडचणी, एकात त्याच्याबद्दल आणखी काही. तो मधला भाग आपल्याकडं कोराच जातो. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात चिखली-आंबेवाडीची घरं पाण्याखाली होती, पोरांची वह्या-पुस्तकं वाहून गेली, म्हशी सोडवत आणि घरातला चिखल काढत त्यांचे दिवस गेले. त्या वर्षी मार्क का घसरले हे गुणपत्रिकेत कुठं येतं? पोरगं स्वतःच्या तोंडानं ते सांगत नाही. पुराचं काय सांगायचं, सगळ्यांच्याच घरात आलं होतं म्हणतं. बाहेरच्या माणसाला पंचगंगेची पातळी काय माहीत. ते तुम्हीच लिहायला पाहिजे.

ज्युनियर कॉलेजचं दुखणं मात्र पत्रापुरतं नाही. सायन्सची निम्मी हुशार पोरं नावाला कॉलेजात आणि दिवसभर क्लासमध्ये. कॉलेजच्या सरांना पोर माहीत नाही, क्लासच्या सरांना माहीत आहे पण अर्जात कॉलेजचा शिक्षक लागतो. अमेरिकेतल्या एमआयटीसारखी संस्था तर एक पत्र गणित-विज्ञानाच्या शिक्षकाचं आणि दुसरं भाषा किंवा समाजशास्त्रासारख्या विषयाच्या शिक्षकाचं मागते. आता बारावी सायन्सचं पोर मराठीच्या किंवा इंग्रजीच्या मॅडमच्या तासाला बसलेलंच नसतं. पालकांनो, हे पत्र तुमच्या नावे नाही, पण वाचत असाल तर अकरावीलाच हा विचार करा.

सगळ्यात जास्त मला वाईट वाटतं ते तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांचं. प्रॅक्टिकल हेच घेतात, प्रोजेक्ट हेच बघतात, पोरांचे फोन रात्री हेच उचलतात. सुट्ट्यांत पोरांना मोठ्या संस्थेत काम करता यावं म्हणून देशातल्या तीन विज्ञान अकादमी मिळून उन्हाळी संशोधन फेलोशिप देतात, तिलाही शिक्षकाचं पत्र लागतं, आणि बी.एस्सी.च्या पोराला खरं ओळखणारी ही तासिकेवरची मॅडमच असते. पण तिला लेटरहेड मिळत नाही, कॉलेजचा ईमेल मिळत नाही, आणि पुढच्या जूनमध्ये ती त्या कॉलेजात असेलच असं नाही. मग पोर विभागप्रमुखांकडं जातं. त्यांनी त्याला कधी बघितलेलं नसतं. आणि ते म्हणतात, तूच लिहून आण.

प्राचार्य महोदय, यात तुम्हाला सरकारची परवानगी लागत नाही आणि फार खर्चही नाही. तासिकेवरच्या शिक्षकांना त्या वर्षापुरतं लेटरहेड वापरू द्या. प्रत्येकाला कॉलेजच्या नावाचा ईमेल द्या आणि नोकरी संपली तरी पोरांच्या अर्जांची मुदत संपेपर्यंत तो चालू ठेवा. स्पॅममध्ये बघायला सांगा. आणि पत्राच्या प्रत्येक प्रतीसाठी जावक क्रमांक, शिक्का, दोन सह्या, तीन दिवस, हे जिथं कागदच लागत नाही तिथं तरी बंद करा.

प्राध्यापकांना एक विनंती थोडी धाडसानं करतो. जमत नसेल तर नाही म्हणा. सप्टेंबरमध्येच म्हणा. “तू माझ्या तासाला फारसा नव्हतास, माझ्याकडून चांगलं पत्र होणार नाही, अमक्या सरांना विचार,” हे ऐकून पोराला दोन दिवस वाईट वाटेल, पण त्याच्या हातात दुसरं कुणी शोधायला वेळ राहील. आपल्याकडं नाही म्हणणं उद्धटपणाचं वाटतं, म्हणून सगळ्यांना हो म्हटलं जातं आणि सगळ्यांना सारखंच पत्र मिळतं.

आणि हो म्हटलात, तर पोराकडून तयार पत्र मागण्याऐवजी पानभर माहिती मागा. कुठं अर्ज करतोय, का करतोय, तुमच्या कुठल्या प्रॅक्टिकलला काय केलं होतं, कुठं अडकला होता. ते वाचल्यावर तुम्हालाच काहीतरी आठवेल. तेच लिहा. इंग्रजीची काळजी करू नका. तुमच्यापैकी काही जण मोठ्या इंग्रजीच्या धाकानं ‘लिहून आण’ म्हणतात, हे मला काउंटरवरून दिसतं. साधी, छोटी वाक्यं पुरतात. त्या लोकांना तुमच्या पोराची चौकशी आहे, तुमच्या शब्दसंपत्तीची नाही.

दिवाळीच्या आगेमागे पोरं तुमच्याकडं यायला लागतील. माझं दुकान रात्री नऊपर्यंत उघडं असतं. कुणाला लिंक उघडत नसेल, लेटरहेड स्कॅन करून पीडीएफ करायचं असेल, किंवा मराठीत सांगून इंग्रजीत टाईप करून घ्यायचं असेल, तर जरूर या. फक्त पोराला बरोबर आणू नका, त्यानं ते वाचायचं नसतं. आणि टायपिंगचे पैसे सरांनाही नेहमीच्याच दरानं पडतील.

आपला नम्र,
राजारामपुरीतला एक टायपिंगवाला
कोल्हापूर